ठासणीची बंदूक: दारू किती भरायची?

शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक बाळगणाऱ्या शेतकरी वाचकांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

वडिलांची बारा बोअरची एकनळी बंदूक माझ्या नावावर झाली आहे. ते ‘चार बोटं’ बार भरायचे. मीही तेवढीच दारू घालू का? (कुडाळ)

अजिबात नको. हिशोब करून बघा. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास साधारण 18.5 मिमी असतो. तिच्यात बोटभर, म्हणजे जेमतेम 2 सेंमी उंचीची काळी दारू 5 ग्रॅमच्या आसपास भरते. चार बोटं नुसती दारू म्हणजे 20 ग्रॅम! वडील चार बोटं मोजायचे ती बहुधा दारू, ती दाबून धरणारे बोळे आणि छर्रे मिळून, ठासायचा गज नळीबाहेर किती उरतो त्यावरून. ते माप अख्ख्या बाराचं होतं.

बारा बोअरचा जुना प्रचलित बार पावणेतीन ड्रॅम दारूचा, म्हणजे सुमारे 4.9 ग्रॅम, आणि त्यावर 32 ग्रॅम छर्रे. तोही निकोप, तपासलेल्या नळीसाठी. तुम्ही अडीच ड्रॅम (4.4 ग्रॅम) आणि 28 ग्रॅम छर्ऱ्यांपासून सुरुवात करा. एकच ठरावीक माप ठेवा आणि दारू व छर्रे दोन्ही त्याच मापाने, सारख्याच आकारमानाचे घ्या. डब्यातून थेट नळीत कधी ओतू नका, आत ठिणगी उरली असेल तर डबा हातात पेटेल. आवाज दणदणीत झाला म्हणून छर्रे लांब जातात असं नाही. जादा दारूने ते नुसते पांगतात. आणि हे सगळं परवानाधारक कारागिराने नळी आतून तपासल्यावरच. गावठी घडणीच्या नळीला वरचे आकडे लावू नका.

निवडणुकीत ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आणली. आत बार आहे की नाही, कसं कळणार? (संगमेश्वर)

आधी निपलवर (नळीच्या बुडाची, ठिणगी आत नेणारी टोची) केप (ठिणगी पाडणारी टोपी) नाही ना ते पाहा. मग तोंड माणसांपासून दूर धरून गज हळूच आत सोडा, तोंडाशी खूण करा आणि तोच गज नळीला बाहेरून लावा. टोक निपलपर्यंत पोचलं तर नळी रिकामी. दोन-तीन बोटं अलीकडेच थांबलं तर बार आहे किंवा गंजाचा थर. उडवून पाहण्याचा मोह टाळा. तोंडातून पाणी ओतून बार भिजवा आणि कारागिराकडून काढून घ्या.

गजावर दोन कायमच्या खुणा कोरून ठेवा, रिकाम्या नळीची आणि भरलेल्या बाराची. दुसरी खूण जास्त महत्त्वाची. बोळा दारूवर घट्ट न बसता मध्येच अडकला की पोकळी राहते आणि योग्य मापाच्या दारूनेही नळी फुटू शकते. केप वाजली, बार उडाला नाही, म्हणून वर दुसरा बार ठासणारेही आहेत. भरलेल्या बाराच्या खुणेवर गज आधीच थांबला तर ते तिथल्या तिथे कळतं.

काडतुसं फोडून त्यातली दारू चालेल का? (देवगड)

नाही. ती बिनधुराची दारू. थोडीशीही नाही, काळ्या दारूत मिसळूनही नाही. तिचा दाब ठासणीच्या नळीला सोसत नाही.

सोरा, गंधक, कोळसा घरीच कुटला तर? (राजापूर)

परवान्याशिवाय दारू बनवणं हा स्फोटक कायद्याने गुन्हा आहे, आणि कुटताना हात गमावलेल्यांना कायदा आठवून उपयोग नसतो. शिवाय दाणा जितका बारीक तितकी दारू झपाट्याने जळते. घरच्या दारूचा दाणा दर खेपेला वेगळा, तेव्हा कालचं 4.4 ग्रॅम आणि आजचं 4.4 ग्रॅम एकच नव्हे. परवानाधारक दुकानातूनच घ्या.