कुंग फू सिनेमा पाहायला सुरुवात कुठून करावी?

हाँगकाँगच्या कुंग फू सिनेमांबद्दल वाचकांनी विचारलेले काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : आजवर एकही कुंग फू सिनेमा धड पाहिलेला नाही. यादी नको, तीनच सिनेमे सांगा आणि कोणत्या क्रमाने पाहू तेही सांगा.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पहिला 'द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' (1978). बहुतेक जण ब्रूस लीपासून सुरुवात करा म्हणतात, पण ब्रूस ली पडद्यावर येतो तोच तयार होऊन. तो इतका वेगवान का, ठोसा नेमका कुठून निघतो, हे नव्या प्रेक्षकाला कळायच्या आत समोरचा आडवा झालेला असतो. 'थर्टी-सिक्स्थ चेंबर'मध्ये नायकाला काहीच येत नाही. तो शिकतो आणि त्याच्याबरोबर आपले डोळेही शिकतात.

गोष्ट साधी आहे. चीनमधल्या मांचू राजवटीत कँटन या दक्षिणेतल्या शहरातला एक विद्यार्थी सगळं गमावून शाओलिन मठात येतो. मठात शिक्षणाची पस्तीस दालनं. हा पठ्ठ्या सरळ सर्वांत वरच्या दालनात शिरतो, तिथून बाहेर फेकला जातो आणि मग पहिल्यापासून सुरुवात करतो. जेवायला जायचं तर पाण्यावर तरंगणाऱ्या मोळीवर पाय देऊन पलीकडे जावं लागतं. पुढे दंडाला सुऱ्या बांधून पाण्याच्या बादल्या वाहायच्या. हात खाली आला की सुरी टोचणार. मनगटासाठी लांब दांड्याच्या हातोड्याने घंटा वाजवायची, डोक्यासाठी टांगलेल्या वाळूच्या पोत्यांना धडका द्यायच्या. यातला प्रत्येक धडा नंतरच्या लढतींत कामाला येतो. मठातल्या अधिकाऱ्याच्या जोडसुऱ्यांपुढे नायक हरतो, पुन्हा हरतो, आणि तेव्हा कुठे साखळीने जोडलेल्या तीन तुकड्यांची काठी बनवतो. ती का सुचली हे कोणी बोलून सांगत नाही, आपल्याला ते दिसतं. मठात पोचेपर्यंत पहिला जवळपास अर्धा तास जातो आणि तिथेच अनेक जण कंटाळून सिनेमा पुढे पळवतात. तसं करू नका, शेवटाचा राग त्या अर्ध्या तासातच पेरलेला आहे.

दिग्दर्शक लाऊ कार-लेउंग हे स्वतः कुंग फूच्या परंपरेतले. वाँग फेई-हुंग या कँटन भागातल्या नामांकित उस्तादांचे शिष्य लाम साई-विंग, त्यांचे शिष्य लाऊ चाम, आणि लाऊ चाम यांचा हा मुलगा. त्यामुळे त्यांचा कॅमेरा लढणाऱ्याचा पाय कधी कापत नाही. नायक गॉर्डन लिऊ हिंदी प्रेक्षकांना 'चांदनी चौक टू चायना'तला (2009) खलनायक होजो म्हणून आठवत असेल. त्याचं खरं काम इथे बघा.

दुसरा 'ड्रंकन मास्टर' (1978). दिग्दर्शक युएन वू-पिंग, नायक तरुण जॅकी चॅन. इथेही तालीमच, पण हसवत हसवत. पाय वर बांधून उलटं लटकायचं आणि खालच्या भांड्यातलं पाणी चहाच्या पेल्याने वरच्या भांड्यात भरायचं. गुरू आठ 'मद्यपी देवां'च्या आठ तऱ्हा शिकवतो. आठवी बायकी वाटते म्हणून हा पोरगा ती मन लावून शिकत नाही. शेवटच्या लढतीत नेमकी तीच लागते. खलनायक ह्वांग जांग-ली याच्या लाथा पाहताना टेकलेल्या पायाकडे लक्ष द्या. एका पायावर उभं राहून दुसऱ्याने सलग लाथा मारताना तो टेकलेला पाय किती कमी हलतो, हे पाहण्यासारखं आहे.

तिसरा 'वन्स अपॉन अ टाइम इन चायना' (1991), दिग्दर्शक त्सुई हार्क, नायक जेट ली. आता नटांना तारांना लटकवून घेतलेली उड्डाणं आली, पैसा आला, इतिहास आला. गोदामातली शिड्यांवरची लढत जरूर पाहा. पहिले दोन पाहून झाले असतील तर शरीराने काय केलं आणि तारेने काय केलं हे तुमचं तुम्हालाच ओळखता येईल. म्हणून हा तिसरा.

प्रश्न : जुने सिनेमे लावले की आवाज विचित्र येतो, ओठ जुळत नाहीत, चित्रही कापल्यासारखं दिसतं. मूळ भाषेत पाहावं की डब केलेलं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी चित्राचं बघू, कारण नुकसान तिथे जास्त होतं. शॉ ब्रदर्स या हाँगकाँगच्या स्टुडिओचे त्या काळातले सिनेमे 2.35 : 1 अशा रुंद पडद्यासाठी चित्रित झाले. जुन्या व्हिडिओ कॅसेटसाठी ते 4 : 3 मध्ये बसवले, तेव्हा चित्राचा साधारण 43 टक्के भाग गेला. लढणारे दोघं पडद्याच्या दोन टोकांना उभे असतात. कापलेल्या प्रतीत एकाची लाथ दिसते आणि ती कोणाला लागली ते दिसतच नाही. तेव्हा वर-खाली काळ्या पट्ट्या असलेलीच प्रत निवडा. टीव्हीत 'झूम' करून त्या पट्ट्या घालवू नका.

दुसरं, टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. सोनीत ती 'मोशनफ्लो', एलजीत 'ट्रूमोशन', सॅमसंगमध्ये 'ऑटो मोशन प्लस' अशा नावांनी चित्राच्या सेटिंगमध्ये सापडते. ती दोन चौकटींच्या (फ्रेम) मध्ये स्वतःच्या चौकटी बनवून घुसवते, त्यामुळे झटक्याने थांबणारा हात लोण्यातून गेल्यासारखा दिसतो. कुंग फूची सगळी गंमत त्या अचानक थांबण्यात आहे.

आता भाषा. त्या काळी चित्रीकरणाच्या वेळी आवाज मुद्रित करायची पद्धत नव्हती. सगळे संवाद नंतर स्टुडिओत भरले जात. म्हणजे 'मूळ' आवाजातही ओठ पूर्ण जुळणार नाहीत, तो तुमच्या प्रतीचा दोष नव्हे. सत्तरीच्या दशकातले शॉ ब्रदर्सचे सिनेमे मँडरिनमध्ये पाहा, ऐंशीच्या दशकातले जॅकी चॅन आणि नट-दिग्दर्शक सॅमो हुंग यांचे कँटोनीज या हाँगकाँगच्या बोलीत. विनोदी सिनेमांत तर कँटोनीजच हवी, कारण बोलण्याची लय आणि मारामारीची लय तिथे एकच असते. एकाच डिस्कवर मोनो (जुना एकपदरी आवाज) आणि फाइव्ह-पॉइंट-वन (अनेक स्पीकरांसाठीचा आवाज) असे दोन पर्याय असतील तर मोनो घ्या. नव्या ध्वनिपटात कित्येकदा जुने ठोसे काढून नवे भरलेले असतात.

अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या आवृत्त्यांपासूनही सावध राहा. 'आयर्न मंकी' (1993) तिथे 2001 साली आला तो काटछाट करून आणि संगीत बदलून. 'ड्रंकन मास्टर 2' (1994) तिथे 'द लेजंड ऑफ ड्रंकन मास्टर' या नावाने, इंग्रजी संवाद आणि नवं संगीत घालून आला. दोन्हींच्या हाँगकाँग आवृत्त्या मिळतात, त्याच शोधा.

प्रश्न : ब्रूस लीचे सगळे सिनेमे पाहायचे आहेत, पण नावांचा घोळ होतो. शिवाय दोन सिनेमांत तर तो ब्रूस ली वाटतच नाही.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : वाटत नाही कारण तो नसावाच. ब्रूस ली 20 जुलै 1973 रोजी गेला आणि त्यानंतर ब्रूस ली (इंग्रजीत Bruce Li) आणि ब्रूस ले (Bruce Le) अशी नावं लावलेल्या नटांचे सिनेमे बाजारात आले. खऱ्या ब्रूस लीचं स्पेलिंग Lee, पोस्टरवर ते नीट वाचा.

त्याने मोठेपणी पूर्ण केलेले कुंग फू सिनेमे फक्त चार : 'द बिग बॉस' (1971), 'फिस्ट ऑफ फ्युरी' (1972), 'द वे ऑफ द ड्रॅगन' (1972) आणि 'एंटर द ड्रॅगन' (1973). अमेरिकेत 'द बिग बॉस'चं नाव 'फिस्ट्स ऑफ फ्युरी' झालं, खऱ्या 'फिस्ट ऑफ फ्युरी'चं 'द चायनीज कनेक्शन' आणि 'द वे ऑफ द ड्रॅगन'चं 'रिटर्न ऑफ द ड्रॅगन'. म्हणून नावाबरोबर वर्षही टाकून शोधा. 'गेम ऑफ डेथ' (1978) त्याच्या मृत्यूनंतर दुसरे नट घेऊन पुरा केला. त्यातली शेवटची मनोऱ्यातली लढत तेवढी त्याची आहे, ती जरूर पाहा.

चारांतला एकच पाहायचा असेल तर 'फिस्ट ऑफ फ्युरी'. तो पाहिल्यावर जेट लीचा 'फिस्ट ऑफ लेजंड' (1994) लावा. तीच गोष्ट, पण त्यातला जपानी उस्ताद माणूस म्हणून उभा राहतो. डोळे बांधून झालेली त्यांची लढत म्हणजे दोन जाणत्यांचा संवाद आहे.

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलीसोबत पाहण्यासारखं काय?
— एक वाचक, पणजी

उत्तर : 'हीरोज ऑफ द ईस्ट' (1978). दिग्दर्शक लाऊ, नायक गॉर्डन लिऊ. चिनी नवरा, जपानी बायको आणि कोणाची विद्या श्रेष्ठ यावरून घरातच जुंपलेली. मग जपानहून सात जण आव्हान द्यायला येतात. जपानी तलवारीपुढे सरळ चिनी तलवार, भाल्यापुढे भाला, कराटेपुढे दारुड्याची चाल. एकही माणूस मरत नाही, हरलेल्याचा अपमान होत नाही. 'ड्रंकन मास्टर' मुलांना फार आवडतो, पण त्यात दारू प्यायली की ताकद येते, तेव्हा सोबत बसा. 'कुंग फू हसल' (2004) वरवर कार्टूनसारखा दिसला तरी सुरुवातीलाच कुऱ्हाडीने खून आहेत. नऊ वर्षांना तो नको.

प्रश्न : आमच्या आखाड्यात मर्दानी खेळ शिकवतो. मुलांना काठीचं काम नीट दिसेल असा सिनेमा हवा.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : 'द एट डायग्राम पोल फायटर' (1984). याहून चांगलं काठीकाम पडद्यावर नाही, हे ठामपणे सांगता येईल. चीनमधल्या सोंग राजवटीच्या काळातल्या यांग घराण्याचे सात भाऊ दगाफटक्याने रणात सापडतात. वाचतात दोघं, पाचवा आणि सहावा. पाचवा भाऊ भाल्याचं पातं तोडून टाकतो, उरलेला दांडा घेऊन मठात जातो आणि रणातला भाला हळूहळू काठी होत जातो. ही निव्वळ पटकथेची कल्पना नव्हे. 'पाचव्या भावाची अष्टकोनी काठी' या नावाचा क्रम हुंग गार या कुंग फू शैलीच्या परंपरेत खरोखर शिकवला जातो आणि दिग्दर्शक लाऊ त्याच परंपरेतले.

मुलांना दाखवताना हातांकडे पाहायला सांगा. आपल्याकडे काठी फिरवून भोवती कडं करतात. इथे काठी पुष्कळदा एका टोकाकडून धरून भाल्यासारखी चालवली जाते : टोक छोट्या वर्तुळात फिरतं, समोरच्याची काठी बाजूला सारतं आणि त्याच हालचालीत पुढे घुसतं. मागचा हात ढकलतो, पुढचा हात फक्त दिशा देतो. मठातले साधू लाकडी लांडग्यांवर सराव करतात, मारायचं नाही, फक्त दात पाडायचे. शेवटी शवपेट्यांच्या ढिगावर याच धड्याचं जे होतं ते भीषण आहे. बारा वर्षांखालच्यांना तो भाग दाखवू नका.

एक गोष्ट आधी सांगून ठेवा, नाहीतर मुलं विचारत राहतील. वेडा झालेला सहावा भाऊ अर्ध्यात नाहीसा होतो. ते काम करणारा अलेक्झांडर फू शेंग 1983 साली चित्रीकरण चालू असताना मोटार अपघातात गेला, म्हणून पटकथा बदलावी लागली आणि पुढचा भार बहिणीच्या भूमिकेतल्या कारा हुईकडे गेला.

जोडीला 'लेजंडरी वेपन्स ऑफ चायना' (1982) घ्या. शेवटी दिग्दर्शक लाऊ आणि त्यांचा सख्खा भाऊ एकेक हत्यार बदलत अठरा हत्यारं चालवतात. फरी-गदका खेळणाऱ्यांना त्यातली वेताची ढाल विशेष पाहावीशी वाटेल.

प्रश्न : मारामारी पुढे पळवून दाखवतात का?
— एक वाचक, अमरावती

उत्तर : पुष्कळदा. सेकंदाला 22 चौकटी चित्रित करून 24 च्या वेगाने दाखवल्या की हालचाल साधारण 9 टक्के वाढते, 20 केल्या तर 20 टक्के. ओळखायचं तर नटाकडे पाहू नका. उडालेली धूळ, सांडलेलं पाणी, मागच्या माणसांचं चालणं पाहा. वेग वाढवला म्हणून काम खोटं ठरत नाही, चाल तर त्याच माणसाने केलेली असते. प्रमाण चुकलं की मात्र माणसं खेळण्यासारखी दिसतात.

प्रश्न : ब्रूस ली, जॅकी चॅन, जेट ली, 'इप मॅन'चे चारही भाग, सगळं झालं. आता काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : सॅमो हुंगचा 'द प्रॉडिगल सन' (1981). 'इप मॅन' आवडला असेल तर हे त्याचंच मूळ आहे. नायक लेउंग जान हा विंग चुन या कुंग फू शैलीचा खराखुरा उस्ताद. त्याचा शिष्य चान वा-शुन, त्याचा इप मॅन, आणि इप मॅनचा ब्रूस ली. सिनेमातला लेउंग जान मात्र फोशानमधला श्रीमंत पोरगा. बाप लोकांना पैसे देऊन त्याच्यापुढे हरायला लावतो आणि पोराला वाटतं आपण अजिंक्य आहोत. नाटकमंडळीत स्त्रीभूमिका करणारा एक दमेकरी नट त्याला सहज लोळवतो, तेव्हा खरं काय ते कळतं. त्या नटाच्या भूमिकेत लाम चिंग-यिंग आहे. कोपर अंगाजवळ, दोन्ही हात एकाच वेळी कामात, समोरच्याच्या छातीची मधली रेघ कधी न सोडणं, हे विंग चुन पडद्यावर इतकं स्वच्छ क्वचितच आलं आहे. मध्येच सिनेमा अतिशय क्रूर होतो, तयारीने बसा.

नंतर 'डर्टी हो' (1979). यातला राजपुत्र आपली विद्या लपवतो. दारूची चव घेता घेता, अदबीने बोलता बोलता तो आणि समोरचा जीवघेणं लढतात आणि तिसऱ्याला पत्ता लागत नाही. पेला पुढे करणं हाच वार, पेला घेणं हाच बचाव. तो प्रसंग एकदा सलग पाहा आणि दुसऱ्यांदा फक्त हातांकडे बघत. 'माय यंग आँटी'साठी (1981) कारा हुईला हाँगकाँग फिल्म पुरस्कारांतला पहिलावहिला उत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला. आणि 'पेडिकॅब ड्रायव्हर'मध्ये (1989) सॅमो हुंगपुढे काठी घेऊन उभे राहतात ते स्वतः लाऊ कार-लेउंग.