जोडी घेता येईल, पण खुराकाचं काय?

हिंगणघाट तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय 33. ट्रॅक्टर-हार्वेस्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे, त्यातून सगळा खर्च जाऊन महिन्याला 45 हजार सुटतात. अकरा एकर कोरडवाहू शेती, त्यात कापूस, तूर, सोयाबीन. बऱ्या साली साडेतीन लाख राहतात. घरी आई (शुगर आहे), पत्नी आणि पाच वर्षांची मुलगी. घरखर्च वर्षाला 5 लाख 60 हजार. 2013 साली 4 लाखांना घेतलेला एनए प्लॉट दिवाळीआधी 19 लाखांना विकला. त्या पैशातून जुन्या मारुती एस्टीमला टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) बसवून ‘टाइम अटॅक’साठी, म्हणजे घड्याळाविरुद्धच्या शर्यतीसाठी, ट्रॅकची गाडी बांधायची आहे. खर्चाचा तक्ता सोबत जोडलाय, बेरीज 13 लाख 60 हजार. 2 लाख 40 हजारांचं पीककर्ज आहे, पण “ते राहू द्यावं म्हणतो, कर्जमाफी होणारच आहे.” विचारतात, गाडी बांधू का, आणि उरलेल्या पैशाचं काय करू?

भाऊ, तुमचा तक्ता दोनदा वाचला. इतका नीट तक्ता माझ्याकडे येणारे नोकरदारही करत नाहीत. इंटरकूलरच्या पाइपला लागणाऱ्या क्लॅम्पचे 1,200 रुपयेसुद्धा लिहिलेत तुम्ही. पण ती गाडी हिंगणघाटहून चेन्नईच्या ट्रॅकवर न्यायला किती लागतील, त्याची ओळ कुठंच नाही. माझं सगळं म्हणणं त्या न लिहिलेल्या ओळीबद्दल आहे.

पत्रात तुम्ही आजोबांच्या पटाच्या जोडीचा उल्लेख केला, म्हणून सांगतो. माझे मामा धामणगावकडचे, तळेगाव दशासरच्या शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचे वेडे. ज्यांना टाइम अटॅक म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्यांना मी शंकरपटच सांगेन. समोरच्याला ढकलून पुढे जायचं नाही, घड्याळाला हरवायचं. तिथे धुरकरी, इथे ड्रायव्हर. मामांनी पटाची जोडी घेतली तेव्हा मामीनं किमतीवरून भांडण केलं नाही. भांडण झालं ते पुढे, खुराकावरून. पटाचा बैल नांगराला जुंपत नाहीत. त्याला वेगळं खाणं, वेगळी मालिश, वेगळा गडी, आणि पटाला न्यायचं तर टेम्पो. आणि मग मे 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानं शर्यती बंद झाल्या, त्या परत सुरू व्हायला डिसेंबर 2021 उजाडला. मामांची जोडी मधल्या काळात शेतीच्या बैलांच्या भावात गेली. “विकली तर पैसे येतेतच” हे वाक्य तुमच्या पत्रात वाचलं तेव्हा मला मामाच आठवले.

आधी 19 लाखांचंच बघू, कारण ते 19 नाहीतच. एनए प्लॉटवर दीर्घ मुदतीच्या नफ्याचा कर लागतो. तुमची खरेदी 23 जुलै 2024 च्या आधीची, म्हणून दोन वाटा आहेत: महागाई निर्देशांक न लावता 12.5 टक्के, किंवा निर्देशांक लावून 20 टक्के. तुमच्या आकड्यांत पहिली वाट स्वस्त पडते. 15 लाख नफा, त्यावर सेससह 1 लाख 95 हजार कर. सहा महिन्यांच्या आत 54ईसीचे बाँड (करसवलतीचे सरकारी कंपन्यांचे रोखे) घेतले तर हा कर वाचतो, पण पैसा पाच वर्षं अडकतो. तुमच्यासारख्या हाती रोकड लागणाऱ्या माणसाला मी ते सांगणार नाही.

कर गेला की राहिले 17 लाख 5 हजार. त्यातून पीककर्ज फेडा, राहिले 14 लाख 65 हजार. हो, फेडाच. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं की केंद्राची व्याज सवलत आणि आपल्या राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून ते शून्य टक्क्यानं पडतं. थकवलं की ही सवलत जाते, खातं बिघडतं, आणि पुढच्या जूनला बियाण्याच्या पैशासाठी बँकेऐवजी सावकाराच्या ओट्यावर बसावं लागतं. कर्जमाफी होईल की नाही, कुणाला कितीपर्यंत होईल, यावर गाडीचा पिस्टन घ्यायचा नाही.

मग सहा महिन्यांचा घरखर्च आणि एका हंगामाचं बी-खत-फवारणी मिळून साडेचार लाख बाजूला. याला हात लावायचा नाही. अर्धे बँकेच्या एफडीत, अर्धे लिक्विड फंडात ठेवा. राहिले 10 लाख 15 हजार. त्यातले सहा लाख मुलीच्या शिक्षणासाठी आणि तुमच्या म्हातारपणासाठी. थोडे पीपीएफमध्ये, बाकी इंडेक्स फंडात वर्षभर हप्त्याहप्त्यानं. म्हणजे ज्या पैशावर तुम्ही खरोखर हौस करू शकता ते साधारण 4 लाख आहेत.

हौसेला मी नाही म्हणत नाही, हे आधीच सांगतो. माझ्या धंद्यातले काही लोक प्रत्येक गोष्टीला ‘परतावा किती’ विचारतात. लग्नात वाजंत्रीवर लाख उडवतात तेव्हा ते काही विचारत नाहीत. तुमचं हे वेड त्याहून बरं.

पण चार लाखांत टर्बो बसत नाही, आणि बसवूही नये. का, ते तुम्हाला माझ्याहून चांगलं कळेल. हार्वेस्टरवाल्याला तुम्हीच सांगत असाल, बंद करायच्या आधी दोन मिनिटं आयडलवर ठेव, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमध्ये ऑइल जळेल. डिझेलच्या टर्बोचा तुमचा हात बसलेला आहे. पेट्रोलचं दुखणं वेगळं: हवा जास्त कोंबली की मिश्रण स्पार्कच्या वेळेआधी किंवा चुकीच्या जागी पेटतं, नॉकिंग होतं, आणि मूळ पिस्टनची रिंगांमधली कड तुटून येते. म्हणून फोर्ज्ड पिस्टन, म्हणून मोठे इंजेक्टर, म्हणून वेगळा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि त्याचं ट्यूनिंग. ताकद वाढली की क्लच पुरत नाही, क्लच बदलला की गिअरबॉक्स बोलतो, आणि वेग वाढला की ब्रेक कमी पडतात. तुमच्या तक्त्यात 2 लाख 60 हजार इंजिनला, 2 लाख 20 हजार टर्बोला, 1 लाख 90 हजार ईसीयूला, 1 लाख 60 हजार क्लच-गिअरबॉक्सला आहेत. ही एकच साखळी आहे, 8 लाख 30 हजारांची. तिची एक कडी तुटली तरी गाडी ट्रॅकवरून ओढून आणावी लागते. जपानच्या त्सुकुबा ट्रॅकवर मिनिटाच्या आत फेरी मारणाऱ्या ज्या गाड्या तुम्ही बघता, त्या वर्षानुवर्षं मोडत-जोडत तिथवर आलेल्या असतात.

आता ती न लिहिलेली ओळ. नागपूरला झिरो माईल आहे याचा आपल्याला अभिमान, पण ट्रॅकच्या बाबतीत ते आपलं दुर्दैव ठरतं. चेन्नईजवळचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट, कोइम्बतूरचा कारी, ग्रेटर नोएडाचा बुद्ध, तिन्ही तुमच्या दारापासून हजार किलोमीटरच्या पुढे. बदललेली गाडी चालवत नेता येणार नाही. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम आणि सुप्रीम कोर्टाचा जानेवारी 2019 चा निकाल दोन्ही आड येतात. म्हणजे ती ट्रकवर लादूनच न्यायची. चेन्नईला जाऊन-येऊन 2,200 किलोमीटर, किलोमीटरला 30 रुपये धरले तर 66 हजार. प्रवेश फी 20 हजार, टायरची झीज 25 हजार, ब्रेक पॅड-ऑइल-पेट्रोल 15 हजार, सोबतच्या दोन पोरांसह राहणं-जेवण 15 हजार. सगळे माझे अंदाज, थोडे खालीवर होतील. बेरीज 1 लाख 41 हजार. एवढ्यात वेळ मोजलेल्या पंधरा फेऱ्या मिळाल्या असं धरलं तर एक फेरी 9,400 रुपयांना पडते. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. म्हणजे दोनेक मिनिटांच्या एका फेरीत क्विंटलभर कापूस आणि वर थोडी तूर.

तुम्ही वर्षाला तीन वेळा जायचं म्हणता. ते झाले 4 लाख 23 हजार, आणि तेही इंजिनाला काही झालं नाही तर. तुमची बऱ्या सालची बचत 3 लाख 30 हजार, त्यातूनही मी आता 50 हजार काढून घेणार आहे. घरात आरोग्य विमा नाही, टर्म विमा नाही. आधी चौघांचा मिळून एकच आरोग्य विमा, म्हणजे फॅमिली फ्लोटर (आईंची शुगर लपवू नका), आणि तुमच्या नावे एक कोटीचा टर्म. टर्मच्या फॉर्मवर रेसिंगचा रकाना येईल, तिथे खरं लिहा, हप्ता वाढला तर वाढू द्या. आरोग्य विम्याच्या वगळलेल्या गोष्टींत धोक्याच्या खेळांचं कलम असतं. व्यावसायिक म्हणून खेळणाऱ्यांसाठी असलेल्या त्या यादीत मोटर रेसिंगचं नाव घेऊन उल्लेख आहे, म्हणून तुम्ही हौशी आहात हे कंपनीकडून आधी लेखी घ्या. गाडीच्या विम्यात शर्यत धरतच नाहीत, त्यामुळे भिंतीला घासली तर खर्च तुमचाच.

बऱ्या साली म्हणून 2 लाख 80 हजार राहिले. बोंडअळीच्या साली, किंवा ऐन वेचणीत पाऊस आला त्या साली, शेतीचे 50 हजार धरा; मग 20 हजारांची तूट येते. त्या वर्षी गाडी ताडपत्रीखाली राहील. हे तुमच्या मनाला चालेल का, ते मला ठरवता येत नाही.

माझा हिशोब असा. तुमच्याच तक्त्यातल्या चार ओळी घ्या: गाडी 80 हजार, रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा आतला पिंजरा)-सीट-पट्टे दीड लाख, ब्रेक 80 हजार, चाकं-टायर एक लाख. 4 लाख 10 हजार. इंजिन मूळचंच ठेवा, तुमच्या हातानं उघडून नवं करा, टर्बो नाही. एस्टीम मुळात हलकी, रॅली आणि ट्रॅकवाल्यांची जुनी लाडकी, सुटे भागही स्वस्त. पण तेही आत्ता नाही. आधी एकदा कोइम्बतूर किंवा चेन्नईला एकटे जा, रेल्वेनं, आणि भाड्याच्या गाडीवर ट्रेनिंगचा एक कोर्स करा. एफएमएससीआय, म्हणजे देशातली मोटर शर्यतींची संघटना, तिच्या परवान्याचं तिथेच विचारून घ्या. चार दिवस पिटमध्ये उभं राहून बघा, लोक गाडी चालवण्यात किती वेळ घालवतात आणि बोनेट उघडून किती. मग ठरवा.

गाडी झालीच तर वर्षाचे दीड लाख एका वेगळ्या खात्यात. त्याला खुराक खातं म्हणा. ते संपलं की त्या वर्षीचा पट संपला. उरलेलं वर्षभर जवळपास कुठे ऑटोक्रॉस (मैदानावर आखलेल्या वाटेवरची शर्यत) भरली तर तिथे जा. तिथेही घड्याळच असतं आणि गाडी लादून हजार किलोमीटर न्यावी लागत नाही.

टर्बोची गाडी पाहून गॅरेजला ट्यूनिंगची गिऱ्हाइकं येतील, हे तुमचं म्हणणं मला पटलं नाही. तुमच्या तालुक्यात डिझेल पंप आणि इंजेक्टरच्या कामाला गिऱ्हाईक आहे, ते तुमच्याकडून दुसरीकडे का जातं ते एकदा बघा.

वहिनींना हा तक्ता दाखवलाय का, ते पत्रात नाही. दाखवा, 9,400 च्या आकड्यासकट. आणि प्लॉटच्या कराचं उद्याच सीएंना विचारा. ॲडव्हान्स टॅक्सचा डिसेंबरचा हप्ता चुकला असेल तर उरलेली रक्कम 15 मार्चच्या आत भरायची आहे. हुकलेल्या हप्त्याचं व्याज लागतंच, त्यानंतर ते आणखी चढतं, आणि ते क्लॅम्पच्या 1,200 रुपयांपेक्षा नक्कीच जास्त असेल.