शब्दांची विचारपूस : बेकार की बेरोजगार?

प्रश्न : बाई, धाकट्या भावासाठी स्थळं बघतोय. 2018 ला खाणी परत बंद पडल्या आणि त्याचं ट्रकवरचं काम सुटलं. मग मिळेल ते करत होता, सध्या तेही नाही. माहितीपत्रकात काकांनी 'बेकार' लिहिलं. ते वाचून भाऊ रात्री जेवला नाही. शब्द चुकला का? (एक बहीण, डिचोली, गोवा)

उत्तर : ताई, कोशाप्रमाणे काकांचं चुकलेलं नाही. फारसीतून आलेला शब्द आहे. 'बे' म्हणजे विना, 'कार' म्हणजे काम. हाताला काम नाही तो बेकार. पण दिवसभर आपण तो कुठे वापरतो बघा. आमटी बेकार झाली, पणजीची खेप बेकार गेली, रस्ता अगदी बेकार आहे. टाकाऊ हा अर्थ इतका वर आलाय की 'भाऊ बेकार आहे' म्हटल्यावर ऐकणारा माणसालाच मोडीत काढतो. 'बेकारी' या नामाचं मात्र तसं होत नाही, ते खुशाल वापरावं.

आमटी कधी बेरोजगार होत नाही. तो शब्द माणसापुरताच आहे, आणि गेलाय तो रोजगार, हे त्यात उघड दिसतं. सरकारी पाहणीतही बेरोजगार कोणाला धरतात? जो काम शोधतोय, किंवा मिळालं तर करायला तयार आहे, त्याला. ज्याला कामच नको तो त्या मोजणीत येत नाही. त्याच्यासाठी आपल्याकडे 'रिकामटेकडा' आहे, आणि तो शब्द घरात कोणी भावाला लावला तर तिथल्या तिथे अडवा.

2012 मध्ये खाणी थांबल्या तेव्हा मी पाचवीचा वर्ग घेत होते. एका मुलानं फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे 'ट्रक' लिहून खोडलं होतं, वर 'बेकार' लिहिलं होतं, आणि तेही रबरानं इतकं घासलं होतं की कागदाला भोक पडलं. मी मागून कागदाची पट्टी चिकटवली आणि 'ट्रकचालक' लिहिलं. खोटं नव्हतं ते. ट्रक दारात उभा होता, परवाना खिशात होता.

तुम्हीही तसंच करा. 'ट्रकचालक', पुढे किती वर्षं चालवला ते, आणि 'सध्या कामाच्या शोधात'. एका शब्दातच हवं असेल तर 'बेरोजगार'. नवा कागद भावाच्याच हातानं लिहून घ्या, आणि काकांना तो आधी वाचायला द्या.