तेरा मिनिटांत आटोपलेली मुलाखत

ताई,
आमच्या ऑफिसात एका जागेसाठी मुलाखती झाल्या. समितीत आम्ही तिघं. एक उमेदवार 52 वर्षांचे होते. ते आत आले आणि मनात आलं, यांना नवं सॉफ्टवेअर काही जमायचं नाही. बाकीच्यांना अर्धा-अर्धा तास दिला होता, यांची मुलाखत 13 मिनिटांत आटोपली. शेवटी शेवटी तेही अडखळायला लागले. नंतर टिपणं ताडून पाहिली, तर त्यांची तांत्रिक उत्तरं आणि एका 27 वर्षांच्या मुलाची उत्तरं जवळजवळ सारखीच. मुलापुढे मी लिहिलं होतं 'विषय पक्का', यांच्यापुढे 'घोकलेलं वाटतं'. पूर्वी आमच्याकडे एक वयस्क सहकारी होते, नवी यंत्रणा आली तेव्हा त्यांची फार तारांबळ उडाली होती. तेच डोळ्यांपुढे होते. मी स्वतःला मोकळ्या मनाची समजत होते. माझं मन इतकं कोतं आहे का? असले विचार डोक्यातून काढून कसे टाकायचे? अंतिम यादी पुढच्या आठवड्यात जाईल.
– अस्वस्थ

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र वाचताना मी एका ठिकाणी थबकले. 'समितीत आम्ही तिघं' इथपासून 'समजत होते' इथवर येईपर्यंत माझ्या मनात टेबलामागे एक पुरुष बसलेला होता. तुम्ही तसं कुठेच लिहिलं नव्हतं. मुलाखत घेणारी व्यक्ती म्हटल्यावर मनाने चित्र काढून टाकलं, आणि तुमच्या क्रियापदाने ते खोडेपर्यंत मला त्याचा पत्ता नव्हता. त्यामुळे तुमचं मन कोतं आहे असं मी म्हणणार नाही. पण त्या गृहस्थांवर अन्याय झाला आहे आणि तो तुमच्या हातून झाला आहे. हेतू वाईट नव्हता, म्हणून त्यांचं नुकसान कमी होत नाही.

छापखान्यात अक्षरं एकदा जुळवून त्यांचा धातूचा ठसा ओतला, की त्याच मजकुराच्या हव्या तेवढ्या प्रती निघतात. त्या ठशाचं इंग्रजी नाव 'स्टिरिओटाइप'. 1922 साली वॉल्टर लिपमन या अमेरिकी पत्रकाराने ते मनातल्या चित्रांना लावलं. त्याचं म्हणणं असं की आपण बहुतेकदा आधी पाहून मग ठरवत नाही, आधी ठरवतो आणि मग पाहतो.

तुमचा ठसा त्या जुन्या सहकाऱ्यावरून ओतला गेला असावा. एकाच माणसावरून एवढं? हो. 1976 मध्ये हॅमिल्टन आणि गिफर्ड या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना दोन काल्पनिक गटांतल्या माणसांबद्दलची वाक्यं वाचायला दिली. मोठ्या गटाची 18 चांगली आणि 8 वाईट, लहान गटाची 9 चांगली आणि 4 वाईट. प्रमाण अगदी सारखं. तरीही वाचणाऱ्यांना लहान गट जास्त वाईट वाटला. विरळ माणूस आणि विरळ वागणूक एकत्र आली की ती जोडी मनात रुतून बसते. तुमच्या ऑफिसात पन्नाशीपुढची माणसं मोजकीच असतील, तर त्यांच्यातल्या एकाची तारांबळ ही वयाची खूण ठरते. तिशीतला कुणी गोंधळला, तर तो फक्त तो असतो.

आता 'पक्का' आणि 'घोकलेलं'. 1983 मध्ये डार्ली आणि ग्रॉस यांनी काही जणांना एका मुलीची चित्रफीत दाखवली. ती चाचणी सोडवत होती, काही उत्तरं बरोबर, काही चूक. निम्म्यांना ती सुखवस्तू घरातली वाटेल अशी माहिती दिली होती, निम्म्यांना गरीब घरातली. चित्रफीत तीच, पण पहिल्यांना ती हुशार दिसली आणि दुसऱ्यांना कच्ची. मला यातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ज्यांना नुसती पार्श्वभूमी सांगितली, चाचणी दाखवलीच नाही, त्यांच्या अंदाजांत फारसा फरक नव्हता. पुरावा हाती आल्यावर मात्र प्रत्येकाने त्यातून आपल्याला हवं ते वेचलं. म्हणून 'मी उत्तरं ऐकूनच मत बनवलं' असं वाटणं हा न्याय झाल्याचा पुरावा नाही.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात बोचणारं वाक्य मात्र वेगळंच आहे: 'तेही अडखळायला लागले.' प्रिन्स्टन विद्यापीठात वर्ड, झॅना आणि कूपर यांनी केलेला 1974 चा एक प्रयोग सांगते. गोऱ्या मुलाखतकारांसमोर गोरे आणि काळे उमेदवार बसवले, उमेदवारांना सारखं वागायला शिकवलं होतं. काळ्या उमेदवारांशी बोलताना मुलाखतकार लांब बसले, बोलताना जास्त चुकले आणि त्यांनी मुलाखत सुमारे पाव वेळ आधीच गुंडाळली. मग संशोधकांनी उलटी बाजू तपासली. प्रशिक्षित मुलाखतकारांनी काही गोऱ्या उमेदवारांना मुद्दाम तशीच वागणूक दिली. लांब बसणं, अडखळत बोलणं, लवकर आवरतं घेणं. ते गोरे उमेदवारही कमी पडले, घाबरलेले दिसले. त्यांच्यात काहीच कमी नव्हतं, समोरच्या खुर्चीत होतं.

तुमची तेरा मिनिटं आठवा. तुम्ही मागे रेलला होतात का? त्यांचं वाक्य संपायच्या आत पुढचा प्रश्न विचारलात का? घड्याळाकडे पाहिलंत का? ते अडखळले त्यात तुमचाही हात होता. हे वाचताना तुम्हाला त्रास होईल याची मला जाणीव आहे, पण यावर पांघरूण घातलं तर तुमच्या पत्राचा मी अपमान केला असं होईल.

विचार डोक्यातून काढून टाकायचं म्हणता, तर त्याच्या मागे लागू नका. 1994 मध्ये मॅक्रे आणि सहकाऱ्यांनी लोकांना एका मुंडण केलेल्या 'स्किनहेड' तरुणाचं (असे तरुण भांडखोर असतात, असा तिथे सर्रास समज) छायाचित्र देऊन त्याच्या दिवसाबद्दल लिहायला सांगितलं. काहींना साचेबंद कल्पना टाळायला बजावलं होतं. त्यांनी त्या टाळल्याही. पण दुसऱ्या एका स्किनहेडच्या छायाचित्राबद्दल लिहिताना त्यांच्याच लिखाणात त्या जास्त उसळून आल्या. पुढच्या एका प्रयोगात अशी माणसं त्या तरुणाच्या वस्तू ठेवलेल्या खुर्चीपासून जास्त लांब बसली. दाबलेला चेंडू पाण्याबाहेर उडतो तसं. समाजात फिरणारे ठसे ठाऊक असणं आणि ते मनापासून पटणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली तुमच्या ताब्यात नाही.

ताब्यात आहे ती कामाची रीत. यादी जायच्या आत समितीशी बोला आणि घडलं ते तसंच सांगा. त्या गृहस्थांना पुन्हा बोलवा. प्रश्न आधी लिहून काढा, सगळ्यांना विचारलेले तेच, त्याच क्रमाने, तेवढाच वेळ. प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे गुण द्या. तिघांनी वेगवेगळे द्या, चर्चा नंतर. 'चांगलं उत्तर' म्हणजे काय हेही आधीच ठरवा, नाहीतर 'पक्का' आणि 'घोकलेलं' पुन्हा शेजारी येतील.

कदाचित दुसऱ्या वेळीही दुसरा कुणी सरस ठरेल. ठरू दे. पण ते निवडले गेले आणि काम चोख करू लागले, तर एका वाक्यावर लक्ष ठेवा: 'हे त्या वयाच्या माणसांसारखे नाहीतच.' ऐकायला ते कौतुक वाटतं, पण मन त्यांना अपवादाच्या खणात टाकतं आणि जुना ठसा शाबूत ठेवतं. हे वाक्य तोंडावर आलं, की त्या वयाची आणखी कोणकोण माणसं तुम्हाला जवळून ठाऊक आहेत ती आठवा, एकेक, नावानिशी.

फोन मात्र उद्याच करा आणि तुम्हीच करा. तुमच्या घुसमटीचा पाढा त्यांच्यापुढे वाचू नका, ते ओझं त्यांचं नाही. 'मागच्या वेळी आम्ही तुम्हाला पुरेसा वेळ दिला नाही, चूक आमची होती, पुन्हा याल का?' एवढं विचारा आणि त्यांचं उत्तर पूर्ण ऐकून घ्या, ते 'नाही' असलं तरी.

तुमची,
ताई