सहनशीलता मागते, तरी राग जात नाही

"इतकी वर्षं प्रार्थना करतेय, तरी माझा राग काही जात नाही. माझं तारण तरी झालंय का?" माझ्याकडे सल्ल्यासाठी येणारी विश्वासी ख्रिस्ती माणसं हा प्रश्न सारखा विचारतात. तारण म्हणजे पापांतून सुटका. कुणाचा राग असतो, कुणाची जीभ, कुणाचा हेवा, कुणाचा मोबाईलवरचा लपवलेला नाद. दुखणं एकच. ख्रिस्तासारखा स्वभाव दे म्हणून मनापासून मागितलं, आणि स्वभाव होता तिथेच आहे.

त्यातली एक हकिगत लिहिते. त्या ताईंना विचारून लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई नगरकडच्या, घर आजोबांपासून ख्रिस्ती. स्वतः नर्स, नवरा एमआयडीसीत. सासूबाईंना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली आणि त्या अंथरुणाला खिळल्या. एका संध्याकाळी ड्यूटीवरून आल्या आल्या ताईंनी त्यांना पुसून घेतलं, पाठीला पावडर लावली, चादर बदलली आणि पेज भरवायला बसल्या. दुसऱ्या घासाला सासूबाईंनी डाव्या हाताने वाटी उडवली. पेज सगळी नव्या चादरीवर. ताईंनी तो हात धरला आणि पलंगाच्या कडेवर आपटला. मनगटाशी लाल वळ उठला.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, त्या जागेवरून उठल्याच नाहीत. पाळकबाईंच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी ताईंना माझ्याकडे पाठवलं.

मी आधी प्रार्थनेचं काहीच विचारलं नाही. हात पहिल्यांदा उगारला की याआधीही? त्यानंतर पुन्हा? सासूबाईंजवळ आत्ता कोण आहे? अंथरुणावरच्या माणसाला इजा होत असेल, तर सगळ्यांत आधी ते थांबलं पाहिजे. पश्चात्तापाची भाषा नंतर. ताई म्हणाल्या, पहिल्यांदाच झालं, आणि त्या रडू लागल्या. काही दिवस भरवायच्या वेळी नणंदेने येऊन बसायचं, एवढं तिथल्या तिथे फोन करून ठरवलं.

मग त्या बोलल्या. रोज पहाटे गुडघे टेकून सहनशीलता मागत होत्या. उपवासही झाले. महिला मंडळातल्या एका मावशींनी सांगितलं होतं, "सहनशीलता मागू नकोस गं, मागितली की देव संकटं पाठवतो." म्हणून मध्यंतरी त्यांनी मागणंही सोडलं होतं. ही समजूत आपल्याकडे फार पसरली आहे आणि तिने माणसं उगाच देवाला भ्यायला लागतात. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय नीट वाचा. नाना प्रकारच्या परीक्षा येतात हे तो गृहीतच धरतो, न मागणाऱ्यालाही त्या येतात. लगेच पुढे तो म्हणतो, ज्याला ज्ञान उणे असेल त्याने देवाजवळ मागावे, तो दोष न लावता देतो. ताईंना मी सांगितलं, तुमच्या सासूबाईंचा पक्षाघात तुमच्या प्रार्थनेमुळे आलेला नाही. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. ही भीती त्यांनी कुणाजवळच बोलून दाखवली नव्हती.

नंतर त्या एक वाक्य बोलून गेल्या, आणि पुढचं सगळं काम त्याच्याच आधाराने झालं. "मॅडम, वॉर्डात पेशंट शिव्या देतात, अंगावर थुंकतात, तरी मी आवाज चढवत नाही. घरी आले की माझ्यात काय शिरतं?"

मी विचारलं, वॉर्डात ड्यूटी संपली की काय करता? "हँडओव्हर देते. पुढची सिस्टर येते." आणि घरी? घरी पुढची सिस्टर येतच नव्हती. रात्री सासूबाई दर थोड्या वेळाने हाक मारायच्या आणि प्रत्येक हाकेला ताईच उठायच्या. नवऱ्याला कधी सांगितलं का, की एक रात्र तुम्ही उठा? नाही. त्यांना कळायला नको का, असं त्यांचं म्हणणं. नवऱ्याजवळ जे मागायचं होतं, ते त्या पहाटे देवाजवळ सहनशीलता म्हणून मागत होत्या.

मी त्यांच्यासोबत बायबलमधल्या 1 राजे या पुस्तकाचा 19 वा अध्याय वाचला. संदेष्टा एलीया थकून झुडपाखाली पडला आहे, मरण मागतो आहे. देवाने त्याला आधी उपदेश केला नाही. दूताने उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. तो पुन्हा निजला, तर निजू दिलं आणि पुन्हा खाऊ घातलं. होरेब डोंगरावर देव त्याच्याशी बोलला, ते त्याच्यानंतर. झोप न मिळालेल्या शरीराचा चिडचिडेपणा आणि मनातलं पाप हे दोन्ही एकाच सुरात ओरडतात, म्हणून आपण त्यांची गल्लत करतो आणि झोपेची गरज असलेल्या माणसाला उपवास करायला लावतो. हे मला अतिशय चुकीचं वाटतं.

पुढच्या भेटीला नवरा आला. भला माणूस, पण आईची बेडपॅन देणं हे बाईमाणसाचं काम अशी पक्की समजूत. त्याला मी येशूने शिष्यांचे पाय धुतल्याची गोष्ट सांगितली नाही, ती त्याला पाठ होती. ताईंनीच त्याला सांगितलं, मी थकले, मला भीती वाटते की पुन्हा हात उगारीन. तो हबकला. त्याच्या शिफ्टप्रमाणे रात्री वाटून घेतल्या.

झोप मिळू लागल्यावर निम्मी चिडचिड गेली. निम्मी उरली, आणि ती मात्र थकव्याची नव्हती. दुसरी मुलगी झाली तेव्हा सासूबाई दवाखान्यात बघायलाही आल्या नव्हत्या. ते ताईंनी मनात जपून ठेवलं होतं. पेजेची वाटी उडाली तेव्हा हिशोब त्या दिवसाचाही चुकता झाला होता. इथे मात्र मी त्यांना सवलत दिली नाही. हे देवापुढे नाव घेऊन सांगायचं होतं.

त्यांची प्रार्थना इथे बदलली. "प्रभू, मला सहनशील कर" ही प्रार्थना खरी, पण इतकी मोठी की ती कुठे लागू होते हेच कळत नाही. फिलिप्पै शहरातल्या विश्वासी लोकांसाठी प्रेषित पौल मागतो तेव्हा नुसतं प्रीती वाढो म्हणून थांबत नाही. ती ज्ञानाने व विवेकाने वाढो, म्हणजे उत्तम ते पारखता येईल, असं मागतो. ताई आता सासूबाईंच्या खोलीच्या दाराशी उभं राहून 141 व्या स्तोत्रातली ओठांच्या दारावरच्या पहाऱ्याची ओळ मागतात, आणि मग त्यांच्या शब्दांत: "आत्ताच्या या भरवण्यापुरतं, प्रभू. वाटी उडाली तर मी खोलीबाहेर जाईन, मला जायची आठवण दे. त्या दिवसाबद्दल मी आईंना माफ करते. उद्या पुन्हा आठवलं तर पुन्हा करीन." रात्री पाच मिनिटं दिवस आठवायचा. चुकलं असेल तर देवाची क्षमा, आणि ज्याला बोललो त्याचीही.

सासूबाईंची माफी मागायला त्यांना फार जड गेलं. मनगट हातात घेऊन त्या म्हणाल्या, "आई, मी तुम्हाला मारलं, माझं चुकलं." सासूबाईंनी तोंड फिरवलं. पुढे कित्येक दिवस त्या ताईंशी धड बोलल्या नाहीत. माफी मागितली की समोरचा विरघळतोच असं नाही, आणि ती त्यासाठी मागायचीही नसते.

तारणाच्या प्रश्नाचं काय? गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातली आत्म्याच्या फळाची यादी, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता अशी, आपण मुलांकडून पाठ करून घेतो. त्याच अध्यायात थोडं आधी पौल त्या मंडळीला सांगतो, तुम्ही एकमेकांना चावून खाऊन टाकाल, जपा. यादी लिहिली ती भांडणाऱ्या विश्वासी लोकांना. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. त्यांचा तापटपणा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मोकळेपणाने लिहून ठेवला आहे, आणि टिळकांची भजनं आपण आजही गातो. जिला आपल्या रागाची लाज वाटते, जी त्यासाठी रविवारी जागेवर बसून राहते, तिच्यात पवित्र आत्मा काम करत नाही असं मी कसं म्हणू? ताईंना मी हेच सांगितलं, आणि पुढच्या प्रभुभोजनाला त्या उठल्या.

राग संपलेला नाही. मागच्या महिन्यात नवऱ्याची शिफ्ट बदलली, पुन्हा सगळ्या रात्री ताईंवर आल्या आणि एका पहाटे त्या सासूबाईंवर ओरडल्या. हात उचलला नाही, खोलीबाहेर गेल्या. सकाळी माफी मागितली, आणि त्याच दिवशी नवऱ्याला सांगून रात्रीसाठी बाई शोधायला घेतली.