आणीबाणी कितीही लांबवता येते का?

प्रश्न: शेजारी देशाशी टेन्शन वाढलं की सरकार आणीबाणी लावून हवी तितकी लांबवू शकतं का? इथे इतवारीत यावरून रोज वाद होतो. – एक वाचक, नागपूर

उत्तर: आता तितकं सोपं नाही बाप्पा, पण आधी झालंय. चीनशी लढाई नोव्हेंबर १९६२ मध्येच थांबली, पण ऑक्टोबरात लावलेली आणीबाणी जानेवारी १९६८ पर्यंत चालूच होती, लोकांना विनाखटला आत टाकता येत होतं, हे मला आजही खटकतं. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय लागतो, महिन्याभरात दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत (एकूण सदस्यांपैकी निम्म्याहून जास्त आणि मत देणाऱ्यांपैकी किमान दोन-तृतीयांश), आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा तेच. जगण्याचा हक्क तर स्थगित करताच येत नाही. मात्र एकूण किती वर्षं याला मर्यादा नाहीच, म्हणून मुदतवाढीला मत देणार का हे आपल्या खासदाराला दर वेळी विचारा.