एम.एस्सी. नर्सिंगसाठी नोकरी सोडू का?

सांगलीजवळून एका ताईंचं पत्र आलंय. वय २९ वर्षं २ महिने. बी.एस्सी. नर्सिंग ५८ टक्क्यांनी पूर्ण, सध्याच्या खासगी हॉस्पिटलात आयसीयूमध्ये सव्वाचार वर्षं. पगार २९,५००, पीएफ आणि व्यवसाय कर जाऊन हातात २७,५००. पती कुपवाड एमआयडीसीत, त्यांचे हातात ३१,०००. मुलगी चार वर्षांची, सासू-सासरे सोबत. घराचा हप्ता ११,२००. एफडी २ लाख ४० हजार, पीएफ साधारण १ लाख ३५ हजार. खासगी कॉलेजात एम.एस्सी.ची फी वर्षाला १ लाख ६० हजार सांगितली आहे. बेत असा: राजीनामा द्यायचा, एफडी आणि पीएफ फीला लावायचा, उरलेल्यासाठी शैक्षणिक कर्ज काढायचं आणि दोन वर्षांनी नर्सिंग कॉलेजात शिकवायचं. तिथे सुरुवातीला हातात ३२,००० मिळतात असं मैत्रिणीने सांगितलंय.

ताई,

तुमच्या पत्रातला एक प्रसंग मी दोनदा वाचला. नव्याने लागलेल्या मुलीला तुम्ही सेंट्रल लाइनचं ड्रेसिंग शिकवत होता आणि राउंडला आलेले डॉक्टर मागे उभे राहून शेवटपर्यंत ऐकत होते. तुम्हाला शिकवायचंय ते केवळ रात्रपाळी चुकवण्यासाठी नाही, हे त्यातून कळतं. म्हणून मी ‘शिकू नका’ म्हणणार नाही. माझी हरकत क्रमाला आहे.

तुम्ही खर्च ३ लाख २० हजार लिहिलाय. ती फक्त फी झाली. पुस्तकं, युनिफॉर्म, क्लिनिकल पोस्टिंगचं येणं-जाणं, प्रबंधाचं टायपिंग-छपाई-बाइंडिंग यांचे दोन वर्षांत ६० हजार धरा. खरा मोठा आकडा मात्र न मिळणाऱ्या पगाराचा: २७,५०० गुणिले २४, म्हणजे ६ लाख ६० हजार. मालकाचा पीएफचा वाटा महिना १,८००, त्याचे ४३,२००. सगळं मिळून १० लाख ८३ हजार. आज हातात २७,५००, उद्या ३२,०००, फरक साडेचार हजारांचा. त्या फरकातून हा खर्च भरून यायला वीस वर्षं लागतात, आणि त्यात इथेच राहिलात तर मिळणारी पगारवाढ मी धरलेलीही नाही.

पगार वीस वर्षं ३२,००० वरच थांबेल असं मी म्हणत नाही. पण वरची पायरी कधी येते ते पाहा. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांप्रमाणे असिस्टंट प्रोफेसर व्हायला एम.एस्सी.बरोबर तीन वर्षांचा अध्यापनाचा अनुभव लागतो. पदवी हातात आल्या दिवशी तुम्ही ट्यूटर असाल, आणि ट्यूटरच्या पदावर एक वर्षाचा अनुभव असलेली बी.एस्सी. झालेली नर्ससुद्धा घेता येते. म्हणजे दोन वर्षं शिकणं आणि वर तीन वर्षं ट्यूटरची.

आता घरखर्च. तुमच्याच यादीप्रमाणे हप्ता ११,२००, किराणा-वीज-गॅस वगैरे २४,०००, मुलीच्या शाळेचे २,५००, सासऱ्यांच्या औषधांचे २,०००. बेरीज ३९,७००. भिशी बंद केलीत असं धरूनही पतींच्या ३१,००० मध्ये दरमहा ८,७०० कमी पडतात. चोवीस महिन्यांचे झाले २,०८,८००. म्हणजे एफडी घर चालवण्यातच जवळजवळ संपते. तुमच्या कागदावर तीच एफडी फीसाठीही लिहिलेली आहे. एकच पैसा दोन ठिकाणी मोजला गेलाय, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

मग फीचा सगळा भार कर्जावर येतो. ४ लाखांचं कर्ज १०.५ टक्के दराने सात वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता सुमारे ६,७५०. शिकत असताना आणि पुढे वर्षभर हप्ता नसतो हे खरं, पण व्याज चढत राहतं. ते तेव्हाच भरलं नाही तर मुद्दल फुगतं आणि हप्ता याहून मोठा होतो. पगार वाढणार साडेचार हजारांनी आणि हप्ता जाणार पावणेसात हजारांचा. व्याजावर करसवलत मिळते असं तुम्हाला कुणी सांगितलंय, ती जुन्या कररचनेत आहे. तुमच्या पगारावर नव्या रचनेत करच लागत नाही, त्यामुळे त्या सवलतीचा तुम्हाला उपयोग नाही.

पीएफला हात लावू नका. पाच वर्षांच्या आत काढला तर रक्कम करपात्र ठरते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पेन्शनच्या खात्यातले पैसे काढले की सेवेची वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात, आणि पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते.

ग्रॅच्युइटीचा तर तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. पाच वर्षं भरायला तुम्हाला नऊ महिने उरलेत. मूळ पगार १५,००० धरला तर १५ भागिले २६ गुणिले ५ या हिशोबाने ४३,२६९ रुपये होतात. जूनमध्ये राजीनामा टाकून ही रक्कम सोडून देऊ नका. आयसीयूतल्या रात्रींची ती कमाई आहे.

ह्या नऊ महिन्यांत काय करायचं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एम्सची नॉरसेट परीक्षा नर्सिंग ऑफिसरसाठी असते, वयोमर्यादा १८ ते ३०. तुम्ही प्रवर्ग लिहिलेला नाही. ओबीसी असाल तर तीन वर्षांची सूट, एससी-एसटी असाल तर पाच. खुल्या गटात असाल तर तुमच्याकडे दहा महिने आहेत. एम.एस्सी.ला बसलात तर परीक्षेचं वय वर्गातच निघून जाईल. एम.एस्सी.ला वयाची अशी घाई नाही, ती पस्तिसाव्या वर्षीही करता येते. नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल ७ ला ४४,९०० पासून सुरू होतं, भत्ते वेगळे. नेमणूक मात्र नागपूरच्या एम्समध्येच मिळेल असं नाही, पाटणा किंवा ऋषिकेशही येऊ शकतं. चार वर्षांच्या मुलीला घेऊन जायचं की आजीकडे ठेवायचं, हे घरात अर्ज भरण्याआधी बोलून घ्या.

इतकं लांब जायचं नसेल तर राज्य सरकारची अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) भरती आहे. खुल्या गटाला ३८ वर्षांपर्यंत, मागासवर्गीयांना ४३ पर्यंत. वेतनश्रेणी ३५,४०० ते १,१२,४००. मैत्रिणीने सांगितलेल्या ३२,००० पेक्षा इथलं नुसतं मूळ वेतनच जास्त आहे, आणि त्याला एम.एस्सी. लागत नाही. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तुमच्या घरापासून किती लांब आहे ते मी सांगायला नको. शासकीय सेवेत गेल्यावर अध्ययन रजेचा रस्ता उघडतो. केंद्राच्या नियमांत पाच वर्षांच्या सेवेनंतर ती मागता येते, आणि मंजूर झाली तर शिकत असताना वेतन चालू राहतं. ६ लाख ६० हजारांचा खड्डा तिथे पडतच नाही.

तरीही यंदाच प्रवेश घ्यायचा असं घरात ठरलं, तर निदान पैसे वाचवून घ्या. पात्रतेची अडचण नाही: नोंदणीकृत नर्स-मिडवाइफ, बी.एस्सी.ला ५५ टक्के आणि त्यानंतर एक वर्षाचा अनुभव, हे सगळं तुमच्याकडे आहे. फी कॉलेजच्या टेबलावर ठरवू नका. शुल्क नियामक प्राधिकरणाने त्या कॉलेजला किती फी मंजूर केली आहे ते आधी पाहा. प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतूनच घ्या. राज्याने जुलै २०२४ मध्ये ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं पूर्ण शिक्षण शुल्क माफ केलंय, पण मॅनेजमेंट कोट्याला ते मिळत नाही. तुमच्या दोघांचं उत्पन्न या मर्यादेत बसतं. हा अभ्यासक्रम आणि ते कॉलेज यादीत आहे का, हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती कक्षात लेखी विचारा. माफी मिळाली तर माझ्या वरच्या हिशोबातून ३ लाखांच्या आसपास कमी होतात आणि कर्जाची गरज जवळजवळ उरत नाही. तेव्हा माझं मतही बरंच मऊ होईल.

विषय निवडताना मेडिकल-सर्जिकलमध्ये क्रिटिकल केअर घ्या, चार वर्षांचा हात वाया जाऊ देऊ नका. नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रमही आहे. तो जवळ कुठे चालत असेल तर चौकशी करा, कारण त्यात विद्यार्थ्याने हॉस्पिटलात काम करत शिकावं आणि पगार घ्यावा अशीच रचना आहे.

‘नोकरी करत राहा, हजेरीचं आम्ही बघून घेऊ’ असं सांगणारं कॉलेज भेटलं तर तिथून उठून या. एम.एस्सी. नर्सिंग पूर्णवेळच असते. माझ्याकडे आलेल्या एका सिस्टरने असे पैसे भरले होते. पुढे एका मुलाखतीत तिच्या हॉस्पिटलचा अनुभव-दाखला आणि पदवीची वर्षं समोरासमोर ठेवली गेली. दोन्हींच्या तारखा एकच होत्या. त्या दिवशी तिची पदवीही कामाची राहिली नाही आणि अनुभवही.

रात्रपाळी सुटणं, मुलगी झोपताना आई घरात असणं, याची किंमत मी शून्य धरत नाही. म्हणूनच यंदा दोन गोष्टी एकदम करा. नर्सिंग सुपरिटेंडंटना भेटून नव्या स्टाफच्या ट्रेनिंगचं काम लेखी मागून घ्या, दिवसपाळीचा आग्रह धरा. आणि भिशीचे ५,००० पुढचे नऊ महिने वेगळ्या आवर्ती खात्यात टाका. ते ४५,००० आणि ग्रॅच्युइटी मिळून ८८ हजार होतील, एफडी न मोडता.

या आठवड्यात एवढं करा: मूळ प्रमाणपत्रं हॉस्पिटलकडे अडकली आहेत का, बॉन्डवर सही केली आहे का, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी कधी संपते, हे पाहून ठेवा. अनुभवाचा दाखला खाटांची संख्या आणि तारखांसह मागा, राजीनाम्याचा शब्दही न काढता. आणि प्रवर्ग कोणता ते मला कळवा. नॉरसेटसाठी तुमच्याकडे एक जाहिरात आहे की चार-पाच, हे त्यावरून ठरेल, आणि पुढचा हिशोब मी तसा मांडून देईन.